धुतलेलं कुठं टाकता?

नेर,
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय आई,

काल संध्याकाळी पुण्याहून यवतमाळमार्गे एसटीने घरी आलो. आज सकाळी सहाला उठलो. थंडी चांगली आहे. बाबांनी चहा केला, नेहमीसारखा जास्त गोड. आठला ते शेतात गेले, कापसाचा दुसरा वेचा चालू आहे. मी तुझी छपाईची खोली उघडली, झाडून घेतली, कोपऱ्यातली जळमटं काढली. दुपारी बाबा आले आणि आम्ही दोघंही शेजारी शांताकाकूंकडे जेवलो. बाबा परत शेतात गेले. आता दोन वाजलेत आणि मी तुझ्या छपाईच्या टेबलावर लिहायला बसलो आहे.

मला लिहायची सवय नाही. होस्टेलवर होतो तेव्हा तुझा फोन आला तरी मी "बरं आहे" एवढंच म्हणायचो, आणि तू म्हणायचीस, "अजून एखादा शब्द बोल ना रे, कमी होत नाही." तुला जाऊन वर्ष होत आलं तरी त्या वाक्याचं उत्तर मला सुचलेलं नाही.

आज लिहायचं कारण घरामागचा खड्डा. बाबांनी मुरमाची ट्रॉली आणून टाकली आहे. उद्या सकाळी खड्डा बुजवायचा आणि तिथे मोटरसायकलसाठी शेड टाकायचं, असं आज सकाळपर्यंत म्हणत होते. त्यांचंही बरोबर आहे. तू नाहीस, छपाई बंद आहे, मग खड्डा कशाला? पण तो बुजला असता तर त्याच्याबद्दल कोणी विचारलं नसतं, आणि कोणी विचारलं नसतं तर मी सांगितलं नसतं, एवढं मी स्वतःला ओळखतो. म्हणून आजच सांगतो.

आपलं गोडलिंबाचं झाड तुझ्या हातून मेलं नाही, आई. माझ्या हातून मेलं.

मी नववीत होतो. तू बचत गटाच्या शिबिरात स्क्रीन प्रिंटिंग शिकून आलीस त्याला दोन वर्षं झाली होती. लाकडी फ्रेमवर ताणलेली जाळी, तिच्यावर तू अंधाऱ्या खोलीत ते हिरवं कोटिंग ओढायचीस, त्यात तुझं ते नारिंगी औषध मिसळलेलं. वाळलं की त्यावर लग्नपत्रिकेचा कागद ठेवून फ्रेम उन्हात. उन्हाळ्यात साठ म्हणायचे, हिवाळ्यात शंभर. आकडे मोजायचं काम माझं. मी मोजता मोजता घाई केली की आतून आवाज यायचा, "पासष्टनंतर एकदम ऐंशी कसे आले रे?"

मग तू फ्रेम पाण्याखाली धरायचीस. जिथे ऊन लागलं तिथलं कोटिंग घट्ट धरून राहायचं. जिथे कागदावरच्या काळ्या अक्षरांनी ऊन अडवलं, तिथलं पाण्याबरोबर निघून जायचं. आणि जाळीत हळूहळू गणपती दिसायला लागायचा, वधूचं नाव, वराचं नाव, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं". मला ते दर वेळी बघावंसं वाटायचं. मी तसं कधी बोललो नाही.

ते धुतलेलं पाणी तू गोडलिंबाच्या आळ्यात टाकायचीस. पण छपाई झाल्यावर शाई काढायला रॉकेल आणि थिनर लागायचं, त्याचा काळा गाळ तू पत्र्याच्या डब्यात साठवायचीस. तो मी गल्लीच्या टोकाला, उकिरड्याच्या पलीकडे नेऊन टाकायचा, असं ठरलेलं होतं. "झाडापाशी नाही. ढोराईच्या पान्यापाशी नाही. तिकडं दूर." हे तू मला किती वेळा सांगितलंस.

उकिरड्याच्या आधी पानठेला होता. तिथे माझ्या वर्गातली पोरं बसायची. डब्याचा वास माझ्याआधी पोचायचा. एकाने सुरुवात केली, "आले रॉकेल शेठ," आणि मग शाळेतही तेच नाव पडलं. मला भांडता येत नव्हतं. घरी सांगताही येत नव्हतं. एक दिवस मी गल्लीत गेलोच नाही. मागच्या दाराने बाहेर आलो, डबा गोडलिंबाच्या बुंध्यामागे, भिंतीच्या बाजूला ओतला, वर माती लोटली आणि थोडा वेळ उभा राहून घरात आलो. तू विचारलंस, "टाकून आला?" मी हो म्हणालो. खोटं नव्हतं, असं तेव्हा मनात म्हटलं.

पुढे सगळा लग्नाचा सीझन मी तेच करत राहिलो.

झाड आधी शेंड्याकडून वाळलं. पावसाळ्यात फुटेल म्हणून तू थांबलीस. ते फुटलं नाही. अर्ध्या गल्लीच्या फोडणीत त्या झाडाची पानं जायची, त्यामुळे झाड मेलं ही काही घरातल्या घरात राहणारी गोष्ट नव्हती. शांताकाकू मागे येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या होत्या, अजून दिसतात. "पाह्य वो, तुह्या रंगाच्या पान्यानं मारलं झाड. मी सांगत होती का नाही?"

तू म्हणालीस, "हो वो. माहीच चूक आहे. ते नारिंगी औषध असते त्याच्यात."

मी ओट्यावर बसून भाकर खात होतो. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी भाकर संपवली, ताट धुतलं आणि क्लासला गेलो.

तू मला का विचारलं नाहीस गं? एकदा जरी "गजू, तू डबा कुठं टाकत होता?" असं विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. बहुतेक सांगितलं असतं. बुंध्यामागची माती काळी पडली होती, वास येत होता. तुझं नाक तर शाईच्या वासावरून कंपनी सांगायचं. की तुला मुलावर संशय घ्यायचाच नव्हता?

झाड तोडल्यावर तू त्याच जागी खड्डा खणलास. बाबा म्हणाले गडी लावतो, तू म्हणालीस, "गड्याले कायले? माह्यानं होते." तळाशी विटांचे तुकडे, वर रेती, त्यावर चुलीतला कोळसा, त्यावर जुनं लुगडं. फ्रेम धुतलेलं पाणी त्या लुगड्यावर ओतायचं. वर राहील तो गाळ वाळवून पोत्यात भरायचा. नारिंगी औषध तू बंद केलंस आणि दुसरं महागाचं कोटिंग अमरावतीहून मागवायला लागलीस. आणि डबा गेला, त्या जागी काचेच्या तीन बरण्या आल्या. पहिलीत सगळ्यात घाण थिनर, दुसरीत मधलं, तिसरीत निवळ. फ्रेम आधी पहिल्या बरणीतल्याने पुसायची, मग दुसरीतल्या, मग तिसरीतल्या. आठवडाभर ठेवलं की शाई तळाशी बसते, वरचं हलक्या हाताने ओतून घ्यायचं, पुन्हा वापरायचं. टाकायला उरायचं ते बोटभर.

आणि हे तू शेवटपर्यंत केलंस. कंबर दुखायला लागल्यावरही बादली उचलून मागे न्यायचीस. मी सुट्टीला आलो की बादली माझ्या हातात असायची. तू म्हणायचीस, "किती गुणाचं पोरगं माहं." त्या बादलीसारखी जड बादली मी दुसरी उचललेली नाही.

मी पुण्यात काय करतो ते तुला नीट सांगायचं राहिलं. तू विचारायचीस आणि मी "टीव्हीच्या स्क्रीनवर काम चालू आहे" म्हणून मोकळा व्हायचो. तू सगळ्यांना सांगितलंस की गजू टीव्ही दुरुस्त करतो. शांताकाकूंनी त्यांचा बंद पडलेला टीव्ही माझ्यासाठी ठेवला होता. मी तो गुपचूप दुकानात नेऊन दुरुस्त करून आणला, पण तुझं चुकलं म्हणून सांगितलं नाही.

मग तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी काचेच्या तीन पट्ट्या आणल्या होत्या, आठवतं? जांभळ्या उजेडाची टॉर्च मारली की पट्टीवरचे चौकोन पेटायचे, एक लाल, एक हिरवा. तू खोलीचं दार लावून घेतलंस आणि पट्टी डोळ्याजवळ धरलीस.

"यात काय भरलं?"

मी सांगितलं की हे अगदी बारीक स्फटिक आहेत, एका केसाच्या जाडीत हजारो मावतील असे. सगळे एकाच मालाचे. जरा मोठा असला की लाल उजेड देतो, त्याहून लहान असला की हिरवा.

"म्हंजे रंग वेगळा नाही? नुसतं माप वेगळं?"

"हो."

"भारी आहे. आन् हे चौकोन कसे पाडता?"

मी म्हणालो, काचेवर थर द्यायचा, वर छापा धरायचा, उजेड मारायचा. जिथे उजेड लागतो तिथले कण एकमेकांना धरतात. बाकीचे धुऊन काढायचे.

तू माझ्याकडे बघितलंस आणि इतकी हसलीस की डोळ्याला पदर लावलास. "अरे बाप्पा. एवढं शिकून माहंच काम करून राह्यला तू." मग पुन्हा पट्टी धरलीस आणि एकदम कारागीर झालीस. "याची कड झिजली. ऊन कमी पडलं तुमचं. पासष्टवरून ऐंशीवर गेला असशील."

उजेड खरंच कमी पडला होता. आमच्या प्रयोगशाळेतल्या मॅडमनी तेच सांगितलं होतं, पण त्यांना त्यासाठी सूक्ष्मदर्शक लागला होता.

मग तू विचारलंस, "कायनं धुता?"

मी त्या द्रवाचं नाव सांगितलं आणि म्हणालो, थिनरच्याच घरातलं आहे, वासही तसाच.

"आन् धुतलेलं कुठं टाकता?"

"कॅनमध्ये भरतो. एक कंपनी येऊन घेऊन जाते."

"मंग ते कुठं टाकते?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं काम करून ते मला माहीत नव्हतं. तू पट्टी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "विचारून घे. माहं झाड मेलं तेव्हापासून मी विचारतेच."

तेव्हा दार लावलेलं होतं. खोलीत आपण दोघंच होतो. हातात टॉर्च होती, ती मी बंद केली आणि म्हणालो, "चल, चहा करतो." यापेक्षा चांगली वेळ मला कोणी दिली नसती, आई.

पुण्याला गेल्यावर मी खरंच विचारलं. तो द्रव लांब कुठेतरी नेऊन जाळतात. आणि त्यात आमचे कण होतेच, कारण काचेवर टिकतो तो थोडा भाग, बाकी बहुतेक माल धुण्यातच जातो. मी मॅडमना म्हणालो की हे पाण्याने धुता आलं तर बघू. त्या म्हणाल्या, बघू या, पण हे कण पाण्यात गेले की विझतात. ते खरं होतं. त्यांच्या अंगावर मुळात तेलकट वेष्टन असतं, ते काढून पाण्यात मिसळेल असं दुसरं चढवावं लागतं, आणि ते चढवताना उजेड जातो. दोन वर्षं आम्ही तिघंचौघं तेच करत होतो. काच धुवायची, टॉर्च मारायची, अंधार. वेष्टन बदलायचं, पुन्हा धुवायचं, पुन्हा अंधार. तुझे फोन यायचे आणि मी "बरं आहे" म्हणायचो.

तू गेलीस त्यानंतर चार महिन्यांनी पहिली पट्टी पाण्याने धुऊनही पेटली. मी कुणाला सांगितलं नाही, आधी कड बघितली. सरळ होती.

पण मला त्याहून दुसऱ्या गोष्टीचं बरं वाटतं. धुतलेलं पाणी आम्ही फेकत नाही. ते साठवतो, त्यातले कण खाली बसवतो, वरचं पाणी काढून घेतो आणि खाली राहिलेला माल पुन्हा नव्या काचेवर वापरतो. पाणीही पहिल्या धुण्याला परत येतं. आमच्या टेबलावर तीन बाटल्या आहेत. घाण, मधली, निवळ. नव्या आलेल्या मुलीने विचारलं, यांना नावं का नाही दिली, नुसतं एक-दोन-तीन काय? मी म्हणालो, तसंच असतं.

अजून सगळं जमलेलं नाही. निळा रंग त्रास देतो. मोठ्या काचेवर करायचं बाकी आहे. बाजारातल्या टीव्हीत हे कधी जाईल सांगता येत नाही. पण काम बरं चाललं आहे, आणि मी बऱ्यापैकी खुशीत असतो. हे तुला सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र सलते. मध्ये आमच्याकडे बाहेरचे पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, धुतलेला माल परत वापरायची कल्पना कुठून आली? मी म्हणालो, जुने शोधनिबंध वाचताना. सगळ्यांनी माना डोलावल्या. नववीत तुला हो म्हणालो होतो, तशाच आवाजात बोललो मी.

आता आजचं सांगतो.

सकाळी चहाच्या वेळी शांताकाकू दुधाचं भांडं घेऊन आल्या. मुरमाचा ढीग बघून म्हणाल्या, "बुजवता काय गड्डा? बुजवा बाप्पा. बिचारीनं लय पाप फेडलं त्या गड्ड्यात."

त्या प्रेमानेच बोलल्या. बाबा निघून गेले, मी खोली झाडत राहिलो, आणि प्रत्येक वेळी सुपलीत केर भरताना ते पाप मला ऐकू येत होतं. तू गेलीस, आणि गल्लीत तुझ्या नावावर काय राहिलं? एक मेलेलं झाड.

दुपारी काकूंनी भाकर, वांग्याची भाजी आणि मुगाचं वरण केलं होतं. वरणाला गोडलिंबाची फोडणी होती. दोन घास खाल्ले आणि ताटाकडे बघतच सांगितलं. डबा, पानठेला, बुंध्यामागची माती, सगळं. मी एका वेळेला इतकं कधी बोललो नसेन.

मग बाबा म्हणाले, "मले तर वाटे उंदरानं मुळ्या खाल्ल्या."

काकू त्यांच्यावर उखडल्या. "तुमी गप बसा हो भाऊ. उंदीर कायचा." मग माझ्याकडे वळल्या. "काहून नाही सांगितलं रे तिले?"

"भ्यालो होतो."

"मायले?"

त्यांनी हातातली भाकर खाली ठेवली. "अन् मी. माह्या दारचा गोडलिंब न्याले ये ती, तं मी एक वाक्य ऐकवल्याशिवाय पानं नाही देली तिले. ‘घे, पन याले नको पाजू तुहा रंग.’ दर खेपेले. अन् ती हासे." त्या उठून चुलीपाशी गेल्या आणि पाठ करून बराच वेळ भांडी हलवत राहिल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. माझ्या ताटात अजून एक भाकर टाकली. मी नको म्हणालो तर म्हणाल्या, "खाय मुकाट्यानं. तुह्यावर राग आहे माहा, पन तो वेगळा."

बाबांनी हात धुतले, चपला घातल्या आणि दारात थांबून म्हणाले, "गड्डा राहू दे मंग. मुरूम समोर टाकू, चिखल होते तिथं." त्यांनी मला एवढंच म्हटलं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला की खुंटीवरची टोपी काढायला हात वर केला आणि चुकून लागला, ते मला नक्की कळलं नाही.

घरी आल्यावर थोड्या वेळाने बघतो तर मागच्या ओट्यावर गोडलिंबाची एक फांदी ठेवलेली होती. काकूंच्या झाडाची. फांदी भली मोठी होती, एवढी कोणती फोडणी असते?

तर आई, तुझी माफी मागतो. तू जे स्वतःचं समजून वाहिलंस ते माझं होतं. माझ्या खोट्यातून तुझा खड्डा झाला, तुझ्या खड्ड्यातून माझं काम झालं, हे मला कळतं. पण त्यामुळे खोटं चांगलं ठरत नाही. तुझी कंबर दुखली ती दुखलीच.

जानेवारीत मला पुण्यातच एका परिषदेत या कामावर बोलायचं आहे. तिथे तोच प्रश्न पुन्हा येईल. या वेळी मी सांगेन की नेरमध्ये लग्नपत्रिका छापणारी माझी आई होती, तिच्याकडे तीन बरण्या होत्या. त्या बरण्या का आल्या तेही सांगेन, झाड कोणी मारलं त्यासकट. मला भीती वाटेल, पण सांगेन. हे तुला वचन.

तुझी शेवटची फ्रेम खोलीत भिंतीला टेकून उभी होती. त्या दिवशी तू "जरा पडते, मंग धुते" म्हणालीस आणि ती तशीच राहिली. फ्रेम न धुता तू कधी झोपली नव्हतीस. पत्रिका त्या लोकांनी दुसरीकडून छापून घेतल्या, लग्न झालं, त्यांना आता मूलही असेल. जाळीत शाई दगडासारखी झाली आहे.

इथवर लिहून मी उठलो. तिन्ही बरण्या उन्हात काढल्या. वर्षभरात शाई पार तळाशी बसली आहे, वरचं थिनर काचेसारखं आहे. पहिल्या बरणीतलं लावून पाव तास ठेवलं, मग दुसरीतलं, मग तिसरीतलं. वराचं नाव आधी मोकळं झालं, वधूचं नंतर. गणपतीच्या सोंडेत थोडी शाई राहिली, ती जुन्या ब्रशने काढली. घाण पुन्हा पहिल्या बरणीत ओतली, झाकण लावलं. शेवटी फ्रेम पाण्याने धुतली, बादली मागे नेली आणि खड्ड्यातल्या लुगड्यावर हळूहळू रिकामी केली. पाणी खाली उतरेपर्यंत काठावर बसलो. मग बादली उपडी ठेवली आणि फ्रेम उन्हाकडे तोंड करून वाळत लावली.

तुझा,
गजू